सासूबाईंचं ‘हां’

आमच्या घरात सगळ्यात शुद्ध मराठी कोण बोलतं, असं कुणी विचारलं असतं, तर गेल्या दिवाळीपर्यंत मी बेधडक स्वतःकडे बोट दाखवलं असतं. दिवाळीनंतर तो मान फ्रिजवरच्या एका स्पीकरनं पटकावला. तो स्पीकर मीच विकत आणला आणि त्याला बोलायलाही मीच शिकवलं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माहेर पुण्याच्या बाजूचं, सासर शहाद्याजवळ तापीकाठच्या एका गावात. लग्नाला चौदा वर्षं झाली. नवरा साखर कारखान्यात यंत्रांवर असतो, आणि गाळप सुरू झालं की तो घरचा कमी आणि कारखान्याचा जास्त होतो. घरात तिसऱ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते; त्या मुलांना ‘भाऊ’ म्हणतात आणि मला ‘बाई’. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटायचं. सुनेला इतका मान देणारी सासू मिळायला भाग्य लागतं, असं मी माहेरी सांगायचे.

आईंना काचबिंदू आहे. समोरचं थोडं दिसतं, कडेचं काहीच नाही. दाराशी उभा माणूस त्यांना दिसतो, पण पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही. नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची असेल तर थेंब चुकता कामा नयेत. दिवसातून तीनदा. सकाळचे आणि संध्याकाळचे मी टाकते. दुपारी दोनचे त्यांनी स्वतः टाकायचे. त्यांना ते जमतं, खाटेवर आडवं होऊन अंदाजानं अचूक टाकतात. पण दुपारचे थेंब चुकायचे. मी वर्गावर असायचे, नवरा यंत्रांच्या गोंगाटात. मधल्या सुट्टीत फोन करून पाहिला. ‘हां बाई’ म्हणायच्या, आणि संध्याकाळी बाटलीतलं औषध मात्र जिथल्या तिथे.

दिवाळीला मोठे दीर सुरतहून आले. ते आईंवर जीव टाकणारे आहेत, हे आधी सांगते, म्हणजे पुढे माझ्या सांगण्यात कुठे तिरकेपणा आला तर तो माझा समजावा. थेंबांचं कळल्यावर ते गंभीर झाले. सुरतेला त्यांच्या घरी जाऊबाई दिवसभर असतात, औषध वेळेवर होईल, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. त्यांनी आईंना विचारलं, “आई, चालशी ना सुरतले? कायमनी.”

“हां भाऊ,” आई म्हणाल्या.

झालं. एवढंच. मी करंज्यांचं ताट हातात घेऊन दारात उभी होते, आणि मला असा राग आला की काय सांगू! चौदा वर्षं एका चुलीवर जेवलो, आणि बाईनं जरा म्हणून आढेवेढे घेतले नाहीत. निदान ‘बघू’ तरी म्हणायचं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. सकाळी शाळेला निघताना अंगणाकडच्या ओट्यावर बसलेल्या त्या दिसल्या नाहीत तर माझा दिवस सुरू कसा होणार, हे माझं मलाच कळेना. पण मला वाईट वाटलं की मी रडत नाही, भांडते. मी दिरांना म्हटलं, “दादा, सारंगखेड्याच्या यात्रेपर्यंत मला मुदत द्या. तोवर दुपारचे थेंब एकदाही चुकणार नाहीत अशी सोय करते. चुकले तर यात्रेहून परतताना घेऊन जा.” ते दर वर्षी दत्तजयंतीच्या यात्रेला घोडे बघायला येतातच. त्यांनी मान डोलावली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो चिवडा खात राहिला. हे मी कसं करणार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

सुट्टीचे दिवस होते. घर बोलतं करायचं, एवढं मी मनाशी ठरवलं. इंटरनेटवर त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि ते चालवायला साबणाच्या वडीएवढा एक छोटा संगणक पुरतो. मग घरभर लहान लहान पहारेकरी बसवायचे. दाराला चुंबकाची जोडी लावली की दार उघडलं-मिटलं ते कळतं. टाकीत तरंगणारा खटका सोडला की पाणी किती ते कळतं. शेगडीच्या वर उष्णता मोजणारं एक यंत्र. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थेंबांच्या प्लास्टिकच्या डब्याला चुंबकाची एक जोडी. दोन वाजता स्पीकर बोलणार. दहा मिनिटांत डबा उघडला नाही तर पुन्हा बोलणार. तिसऱ्यांदाही उघडला नाही तर माझ्या फोनवर निरोप. विज्ञानाच्या बाईला आणखी काय हवं? नवरा वायरी ओढून द्यायचा आणि मधूनच म्हणायचा, “कारखान्यातबी इतकी देखरेख नही शे.”

पहिले दोन दिवस घर नुसतं बडबडत होतं. मी उत्साहाच्या भरात सगळ्याच गोष्टी जाहीर करायला लावल्या होत्या. ‘मागचे दार उघडले आहे. मागचे दार बंद झाले आहे.’ आमच्या मागच्या दारानं शेजारची शेळीसुद्धा येते-जाते, त्यामुळे शेळीच्या हालचालींची इत्थंभूत माहिती आम्हाला मिळू लागली. त्यात लाईट गेली आणि परत आली की संगणक नव्यानं जागा व्हायचा आणि घरातल्या एकूण एक दारा-खिडक्यांची हजेरी घ्यायचा. समोरच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पाणीपट्टीचं काही सांगतायत. मग मी शहाणी झाले आणि नको त्या सूचना काढून टाकल्या. टाकी, शेगडी आणि थेंब एवढ्या तीनच ठेवल्या, आणि फ्रिजवरच्या स्पीकरखेरीज आणखी एक ओट्यावरच्या खिडकीत बसवला. आई दुपारी तिथेच असतात.

दसऱ्यापासून हिवाळाभर आमच्या ओट्यावर मिरची असते. शेतातली लाल मिरची अंगणात वाळत पडते आणि दुपारी जेवणं उरकली की गल्लीतल्या चार-पाच बायका आपापली पाटी घेऊन येतात आणि देठं खुडत बसतात. वर्षाचं तिखट व्हायचं असतं. आईंची नजर गेली तशी एकेक काम त्यांच्या हातून गेलं. तांदूळ निवडणं गेलं, शिवण गेलं, शेतात जाणं गेलं. देठं खुडायला मात्र डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. आणि आईंची बोटं अशी चालतात की डोळस बायका मागे पडतात. त्यांच्या पाटीतली मिरची संपली की त्या न विचारता शेजारणीच्या पाटीत हात घालतात. मी शाळेतून येते तेव्हा ओट्यावर खकाणा उडालेला असतो, सगळ्याजणी शिंकत असतात, हसत असतात, आणि मी नाकाला रुमाल लावून आत पळते.

शाळा सुरू झाली. यंत्र ठणठणीत चालत होतं. दोन वाजता ते स्वच्छ, मंजुळ बाईच्या आवाजात बोलायचं: ‘कृपया लक्ष द्या. दुपारचे दोन वाजले आहेत. कृपया आपल्या डोळ्यांत औषध टाका.’ आणि दोन वाजून वीस मिनिटांनी माझ्या फोनवर निरोप यायचा की डबा उघडलेला नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, चुंबक निसटलं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी मी चुंबक तपासलं, स्पीकर तपासला, सगळं जागच्या जागी.

“आई, दुपारी आवाज ऐकू आला का?”

“हां बाई.”

“समजलं का काय म्हणतंय ते?”

“हां बाई. कितलं गोड बोलस.”

“मग उद्या टाकाल ना थेंब?”

“हां बाई.”

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांनी पुन्हा निरोप. माझं डोकं फिरायची वेळ आली होती. नवरा म्हणाला, आवाज वाढव. मी वाढवला. डबा तसाच. काही दिवस हे असंच चाललं, आणि मला मनातून वाटायला लागलं की हिला सुरतेला जायचंच आहे. मुद्दाम करतेय. असं वाटल्याची आज मला लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

मग एका दिवशी शाळेत केंद्रप्रमुखांची बैठक होती म्हणून मुलांना लवकर सोडलं आणि बैठकही चटकन आटोपली. दोनला पाच कमी असताना मी घरी पोचले, आणि गाडी कोपऱ्यावर लावून चोरासारखी फाटकाच्या आड उभी राहिले. म्हटलं, आज बघतेच.

ओट्यावर मिरचीचा ढीग होता. आई मधोमध, आजूबाजूला चौघी. दोन वाजले. खिडकीतून आवाज आला, ‘कृपया लक्ष द्या.’

पाचही जणींची बोटं थांबली. आईंनी दंडानं पदर डोक्यावर ओढला, नीट मांडी घातली आणि खिडकीकडे तोंड करून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मान लववून म्हणाल्या, “हां साहेब, करस.” आणि पदर मागे सरकवून पुन्हा देठं खुडायला लागल्या. दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा बोललं. पुन्हा पदर, पुन्हा मांडी, पुन्हा “हां साहेब.” तिसऱ्या वेळी तर शेजारच्या काकूही म्हणाल्या, “हां साहेब, करी ऱ्हायन्यात त्या.” आईंना आता त्रास देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

मला आधी हसू फुटलं. फाटकाच्या आड तोंड दाबून हसले. मग हळूहळू उजेड पडला. आमच्या भागात घरात, शेतात, बाजारात सगळं अहिराणीत चालतं. शुद्ध मराठीत कोण बोलतं? तलाठी बोलतो. ग्रामसेवक बोलतो. विमावाला, बँकेचा माणूस, पाहणीला आलेले साहेब बोलतात. ते आले की त्यांना खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, जे सांगतील ते ऐकून घ्यायचं आणि ‘हां साहेब’ म्हणायचं. साहेबाचं समाधान होतं, तो जातो, आणि आपण आपलं काम करायला मोकळे. वाद घालायचा नाही, कारण द्यायचं नाही. पिढ्यान्पिढ्या ही रीत अशीच चालत आलीय, आणि मी घरात नेमका एक साहेब आणून बसवला होता, तोही न थकणारा.

ठीक आहे, म्हटलं. भाषा बदलू. त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला विचारून अहिराणी वाक्यं लिहिली आणि यंत्राला वाचायला दिली. काय सांगू, अंगावर काटा आला! निवडणुकीत बाहेरून आलेला उमेदवार भाषणाची पहिली दोन वाक्यं अहिराणीत बोलतो, हुबेहूब तसं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर आई त्याला नुसतं ‘हां साहेब’च म्हणाल्या नाहीत, शेजारच्या काकूंनी सांगितलं की शेवटी हातही जोडले.

मग नवऱ्याचा आवाज. हे आधीच का सुचलं नाही, म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या. आईंचा धाकटा, लाडका. त्यानं फोनवर तिन्ही सूचना रेकॉर्ड करून दिल्या, कामाला जायच्या घाईत, पण अगदी प्रेमानं. तो दिवस रविवार होता, मी घरात वह्या तपासत होते. दोन वाजता खिडकीतून नवरा बोलला, “माय, दोन वाजनात, डोयामा औषध टाकी ले.” आई ताडकन उठल्या. “तू उना का भाऊ? बठ, बठ, भाकर गरम करी देस.” आणि भिंतीला हात लावत सरळ स्वयंपाकघरात. मी वही टाकून मागे धावले तोवर शेगडी पेटली होती आणि तवा चढला होता. थोड्या वेळानं तवा तापला, तसा शेगडीवरचा पहारेकरी जागा झाला आणि तोही नवऱ्याच्याच आवाजात म्हणाला, “माय, शेगडी चालू शे.” आई म्हणाल्या, “हां भाऊ, तुन्हासाठेच तर पेटाडी.” ज्या यंत्रानं गॅसपासून सांभाळायचं त्याच्यासाठीच घरात गॅस पेटू लागला. नवऱ्याचा आवाज मी त्याच दुपारी काढून टाकला.

यात्रा आठवड्यावर आली होती. राहिलं कोण? मीच राहिले होते.

आता इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मला अहिराणी समजते, सगळी समजते, पण मी बोलत नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात एकदा बोलायला गेले होते. ओट्यावर बायका बसल्या होत्या, मी चहा दिला आणि काहीतरी म्हणाले. सगळ्या खो खो हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या. मला तर नाकावर माशी बसलेली चालत नाही. मी आत गेले आणि ठरवलं, पुन्हा म्हणून नाही. तेव्हापासून घरात मी माझी मराठी बोलते आणि सगळे मला त्यांच्या भाषेत उत्तर देतात. चौदा वर्षांत मला यात काही खटकलं नव्हतं.

आता बोलणं भाग होतं. मी खोलीचं दार लावून फोनपुढे बसले. पहिल्या वेळी बटण दाबलं आणि वाक्यच विसरले. दुसऱ्या वेळी अर्धं वाक्य मराठीत गेलं. वर्गात साठ पोरांपुढे गरजणारी मी, एका ओळीसाठी घामाघूम झाले. शेवटी कसंबसं रेकॉर्ड झालं. परत ऐकलं तेव्हा ते इतकं वेडंवाकडं वाटलं की पुसून टाकावंसं वाटलं. पण पुसलं नाही, कारण वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोन वाजता मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते, अगदी पाहायला आले होते त्या दिवशीसारखी. खिडकीतून माझा आवाज आला: “आई, दोन वाजनात ना. डोयामा औषध टाकी ल्या बरं.”

ओट्यावर एकच हशा पिकला. “तुन्ही वहू बोलनी व माय!” काकू ओरडल्या. सगळ्यात मोठ्यानं आई हसत होत्या. पदर डोक्यावर नव्हता. हसता हसता त्यांनी खिडकीकडे मान वळवली आणि सणसणीत आवाजात म्हणाल्या,

“नही टाकस! मन्हा हात तिखटना शेतस, दखास नही का तुले?”

मी दाराआडून बाहेर आले. त्यांचे दोन्ही हात समोर पसरलेले होते, कोपरापर्यंत लाल. मिरचीचं तिखट पाण्यानं जात नाही, साबणानं जात नाही, तेल लावलं तरी संध्याकाळपर्यंत बोटं चुरचुरत राहतात. त्या बोटांनी डोळ्यांत थेंब टाकायचे? जेवण झालं की मिरची, आणि मिरची सुरू असताना दोन. मी विज्ञान शिकवते. रोज त्या ओट्यावरून नाकाला रुमाल लावून जाते. आणि मला हे दिसलं नव्हतं.

“आई, हे आधी का नाही सांगितलं?” मी मराठीतच विचारलं, दुसरं काही सुचलंच नाही.

“तू सांगे, मी हां म्हने,” त्या म्हणाल्या. “मास्तरीणले नही कसं म्हनाव?” मग जरा थांबून, “दोनले नही. बारा वाजता सांगत जाय. जेवाना आधी. तव्हय हात धुयेल ऱ्हातस.”

मी तिथेच ओट्यावर बसले. हसणाऱ्या चारही बायका आता माझ्याकडे बघत होत्या. फाटकाआडून पाहिलं तेव्हा यंत्र साहेब आहे एवढंच मला कळलं होतं. या घरात मीही साहेबच होते, हे आता कळलं. ‘हां बाई’ आणि ‘हां साहेब’ एकच होतं, आणि मी ते मान म्हणून माहेरी मिरवत होते. आईंना अडचण होती, साधी, दोन वाक्यांत सांगता येणारी. ती त्यांनी मला सांगितली नाही, कारण साहेबाला अडचण सांगायची रीत नाही.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बारा तर बारा, रोज त्याच वेळी पडले म्हणजे झालं. मी घड्याळ बदलून नवीन वाक्य रेकॉर्ड केलं, आणि या वेळी आईंना शेजारी बसवून. त्यांनी मला चार वेळा थांबवलं, दोनदा हसल्या, एकदा कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून बाराला डबा उघडायला लागला. रोज. माझ्या फोनवर यंत्राचा एकही निरोप येईना, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

दत्तजयंतीला दीर आले. घोडे बघून झाले होते, खूश होते. त्यांना मी काही सांगितलं नाही, नुसतं ओट्यावर बसवलं. बारा वाजले. खिडकीतून मी बोलले. “ऐकं, ऐकं, बहिरी नही शे मी,” असं खिडकीला सुनावत आई उठल्या, भिंतीला धरून आत गेल्या, आणि डब्याचा आवाज आला. दिरांनी माझ्याकडे पाहिलं. ते मनापासून हसले. मग आई बाहेर येऊन बसल्यावर हळूच म्हणाले, “चांगलं शे हे. तरीबी आई, तू चालशी ना सुरतले? तू हां म्हननी व्हती.”

आता ऐकायचं काय ते मला माहीत होतं. ‘हां भाऊ’. मी चहाचा कप खाली ठेवला.

“नही,” आई म्हणाल्या.

“आं?”

“मी नही येस. तठे सहाव्वा माळावर मी काय करसू? मिरची शे का तठे?”

दीर आईंकडे वळले. “मग दिवाळीले हां कसाले म्हननी?”

“पाहुणाले कोनी नही म्हनस का?”

“मी पाहुणा?”

“दोन दिवससाठे येस तो पाहुणाच ना, भाऊ,” आई म्हणाल्या, अगदी मायेनं, आणि चाचपडत त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दिरांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं, आणि मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, कारण आठवड्यापूर्वीपर्यंत मीही त्याच रांगेत उभी होते. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, या यंत्रात माझा आवाज भरता येईल का, निदान संध्याकाळच्या थेंबांना मी बोलतो. मी म्हटलं, “दादा, तुमचा आवाज नको. तुम्ही बोललात की त्या गॅस पेटवतील.” त्यांना नवऱ्याची हकिकत सांगितली तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पाणी हसण्याचंच होतं की नाही ते मी विचारलं नाही. मग म्हणाले, पुढच्या वेळी दोन दिवसांनी भागायचं नाही, पंधरा दिवस राहीन.

त्यांची गाडी गेली आणि मी स्वयंपाकाला लागले. आई दारात पाटावर बसल्या होत्या. मी फार आनंदात होते, पदर खोचून, गुणगुणत. म्हटलं, “आई, आज तुमच्या आवडीची आमटी करते.” पुण्याकडची चिंचगुळाची आमटी, माझ्या आईच्या हातची, मी आठवड्यातून दोनदा करते. लग्नानंतर पहिल्यांदा केली तेव्हा मी विचारलं होतं, आवडली का, आणि त्या म्हणाल्या होत्या, ‘हां बाई.’ तेव्हापासून ती त्यांच्या आवडीची.

“नही,” मागून आवाज आला.

मी डाव हातात घेऊन वळले.

“ती आमटी गोड लागस व माय. माले नही आवडस. कव्हयच नही आवडनी.”

चौदा वर्षं, आठवड्यातून दोनदा. मला इतका राग आला की डाव आपटला. आणि इतकं बरं वाटलं की त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं, “मंग काय करू?” त्यांनी मला आधी ‘मंग’ नीट म्हणायला लावलं, आणि मग सांगितलं.